एका नावाची दोन घरं

बाबा, मंडळाचा फलक पुन्हा रंगवायला टाकलाय. यंदा काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बाकीच्यांचे गुडघे गेलेत आणि माझं तोंड तेवढं शाबूत आहे. आज पेंटरचा फोन आला, "मॅडम, एकच नाव दोनदा आलंय, एक उडवू का?" मी त्याला असं काही झापलं की बिचारा सॉरी सॉरी करत राहिला. त्याला काय माहीत, एकदा एका पेंटरने न विचारताच एक नाव उडवलं आणि आपल्या घराची वाट लागली.

वाडीत शेजारशेजारच्या दोन घरांत एकच नाव. नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तर अख्ख्या वाडीचं तेच. म्हणून तुम्ही थोरलो आणि पलीकडचा धाकलो. दोघे बरोबरच फौजेत गेलात, बरोबरच ब्रह्मदेशात. मेल्याची तार आली ती आपल्या घरी. आईचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. लढाई संपल्यावर तुम्ही चालत दारात आलात, तेव्हा आजी म्हणे आधी तुमच्या पायांकडे बघत होती, उलटे तर नाहीत ना म्हणून. मग आईला पुन्हा हिरवा चुडा भरला, कोंबडं कापलं, वाडी जेवली. कुंपणाशी धाकल्याची बायको पोराला कडेवर घेऊन उभी होती. तिने विचारलं, "आणि आमचो?" तुम्ही म्हणालात, "येतलो." येईल. त्या शब्दाच्या जिवावर ती बाई पुढे चाळीस वर्षं कुंकू लावत राहिली.

पुढे दोन्ही घरं घाटकोपरला एकाच चाळीत आली. धाकल्याची बायको म्हणजे माझी काकी. मला ती आठवते नळावर, कपाळ भरून कुंकू. वटपौर्णिमेला ती सगळ्यांच्या आधी वडाला सूत गुंडाळते, बायका मागे कुजबुजतात, तोंडावर बोलायची एकीची हिंमत नाही. का असेल? तार तिच्या घरी आलीच नव्हती ना! आईला मात्र ते कुंकू बघवायचं नाही. भाकरी थापता थापता म्हणायची, "एकदा घर चुकलेलं मरण पत्ता विसरत नाही हो." की तुम्ही चहा तसाच ठेवून बाहेर. मी काही विचारलं तर, "गप गं, तुला काय कळतं!" खरंच कळत नव्हतं, पण संध्याकाळी काकी दारावरून गेली की मीही दार लोटून घ्यायचे.

मग काकीच्या मुलाने, आमच्या दादाने, मंडळ काढलं. लढाईवर गेलेल्यांची मुलं-नातवंडं, भांडुप-मुलुंडपासून सगळी गोळा केली. सव्वीस जानेवारीला शाळेच्या हॉलमध्ये, लढाईत मेलेल्यांची नावं वाचायची आणि ज्याच्या घरचं नाव, त्याने उभं राहून 'हजर' म्हणायचं. ज्या वर्षी मेलेल्या-परतलेल्या सगळ्यांच्या नावांचा फलक करायचं ठरलं, तेव्हा दादा तुमच्यापुढे येऊन बसला. "काका, माझा बाप लढाईत गेला आणि मला त्याच्यासाठी हजर म्हणता येत नाही. हे काय जगणं आहे? तुम्ही होतात तिथे. सांगा ना आईला." तुम्ही तंबाखू मळत राहिलात. "बघूया." आतून आई कडाडली, "बघूया म्हणतच म्हातारे झालात!" शेवटी दादानेच धीर केला. धाकल्याच्या नावाला कै. लावलं, तुमच्या नावाला श्री., आणि यादी पेंटरला दिली.

पेंटरला वाटलं, एकच माणूस चुकून दोनदा. त्याने श्री. लावलेलं नाव उडवलं. हॉलमध्ये पडदा बाजूला झाला तेव्हा नाव एकदाच, आधी कै., आणि तुम्ही समोर स्टेजवर शाल पांघरून बसलेले. दादाने माइकवर वाचलं, "कैलासवासी..." आणि ते नाव. खाली दोन बायकांनी एकदम पदर डोक्यावर ओढला. नवऱ्याचं नाव दोघींनीही जन्मात घेतलं नव्हतं, आणि ते एकच होतं. आईने मंगळसूत्र मुठीत घट्ट धरलं. मागून कुणीतरी ओरडलं, "काकांचं आयुष्य वाढलं!" काकी तर हसायलाच लागली. आईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "घाबरू नको गो! परत चुकले मेले. मागच्या खेपेक पण अशेच चुकलेले."

तुम्ही उठलात. शाल काढून खुर्चीवर ठेवलीत आणि माइकशिवायच बोललात, "वयनी, तेव्हा चूक घराची झाली. नावाची नाय. माझ्या डोळ्यादेखत गेलो तो." दादा तोंडात रुमाल कोंबून रडत होता. हजर कुणीच म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी काकी दारात उभी. कुंकू तसंच. "थोरल्यानू, तुमी येतलो म्हणालास, ता मी आयकलंय. आता गेलो म्हणतास, ता पण आयकू?" मग ती रोजच यायला लागली. उंबऱ्यावर बसायची, तुमच्याकडे नुसती बघायची. तुम्ही ताट बाजूला सारायला लागलात, मग ताप धरला. खोटं कशाला बोलू, मला तिचा नाही, तुमचा राग आला होता. इतकी वर्षं गप्प बसलात, मग भर सभेत कशाला? आणि आधी येतलो तरी कशाला म्हणालात? शिमग्याच्या आत तुम्ही गेलात. बायका आईचं कुंकू पुसायला आल्या, तेव्हा काकी गर्दीतून वाट काढत आईला खेटून बसली आणि कपाळ पुढे करून म्हणाली, "माझा पण पुसा."

हे पत्र टाकू कुठे? नावावर टाकलं तर पुन्हा भलत्याच घरी जाईल. पेंटरला सांगितलंय, दोन ओळी, दोन्हींना कै. पण एक सांगायचं राहिलंय. काकी शेवटी हॉस्पिटलात होती, सगळं विसरलेली. कोऱ्या कपाळावर बोट फिरवत तिने मला विचारलं, "गो, आमचो येतलो मा?"

"येतलो," मी म्हटलं. विचारही केला नाही, बाबा.