कोपरा स्पष्ट दिसला पाहिजे

मंगळवार, ४ नोव्हेंबर

नवा टीव्ही घ्यायचा. ठरलं!

हे म्हणाले, "आहे तो काय वाईट आहे?" वाईट काय म्हणजे? बातम्या देणारी बाई कावीळ झाल्यासारखी पिवळी, आणि उजव्या कडेला हिरवा पट्टा. पण बारा वर्षं तोच बघितला आणि मी चकार शब्द काढला नाही, हेही खरंच. मी! कापडगिरणीत वीस वर्षं फक्त खोट काढायचा पगार घेणारी. तिथे मला सगळे 'दुर्बीण' म्हणतात, तोंडावरसुद्धा.

ह्यांना कारण सांगितलं नाही. इथे सांगते. काल हे गॅलरीत फोनवर होते आणि मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. कान दिला नाही, ऐकू आलं. "एकवीसला? शुक्रवारी दुपारी? टीव्हीवर? अगं वा!" मग माझी चाहूल लागली आणि आवाज एकदम खाली गेला.

भिंगरीचाच फोन. ह्यांचा "अगं वा" दुसऱ्या कुणासाठी इतका वर चढत नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

लिहूनच टाकते, म्हणजे सुटेन.

पोरगी दहाव्या वर्षापासून बॅडमिंटन खेळायची. पायाला भिंगरी लागलेली, म्हणून घरात नावच भिंगरी. चोविसाव्या वर्षी गुडघा गेला. खेळ संपला. मला वाटलं, आता शहाण्यासारखी नोकरी बघेल. तर ही लाइन जज झाली! म्हणजे कोर्टाच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसायचं आणि शटल रेषेच्या आत पडलं की बाहेर, ते हातानं दाखवायचं. जेवता जेवता मी म्हणाले, "चौदा वर्षं घाम गाळलास तो बुजगावणं व्हायला?"

ती अगदी शांत. "आई, तू पण तेच करतेस ना? दुसऱ्यानं विणलेल्या कापडाची चूक दाखवतेस."

खरं बोलली. खरं बोलली म्हणून तर माझी तळपायाची आग मस्तकात गेली! "मग माझ्या घरात कशाला राहतेस?" असं म्हणून बसले. ती उठली. स्वतःचं ताट घासून ठेवलं, मग बॅग भरली. ताट घासून ठेवलं! एवढी एक गोष्ट अजून जात नाही डोळ्यांपुढून.

दोन वर्षं झाली. ह्यांना फोन करते, मला नाही. मीही केला नाही. ती काय करते, कुठे राहते—मी विचारत नाही, हे सांगत नाहीत. एका घरात राहून आम्ही दोघांनी तिचा विषय कपाटात ठेवल्यासारखा बंद केलाय.

एकवीसला ती दिसेल. वाळली का, बरी आहे का, झोपते का वेळेवर—चेहरा बघितला की मला कळेल. चेहरा दिसला पाहिजे फक्त. म्हणून टीव्ही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

दादाला फोन करून चूक केली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, जगातल्या सगळ्या विषयांतला जाणकार. "तुला फोर-के कशाला हवाय? बातम्या बघायला?" मग अर्धा तास त्याच्याच पंचावन्न इंची टीव्हीचं कौतुक. मला मात्र त्रेचाळीस पुरे म्हणे! आपला तो बाब्या.

घरी टेप घेऊन भिंत मोजली. सोफ्यापासून टीव्हीपर्यंत साडेआठ फूट. हे म्हणाले, "एवढं काय मोजायचं?" मी म्हटलं, जवळून ठिपके दिसतात, लांबून बारकावे दिसत नाहीत, मधलं अंतर धरावं लागतं. "बरं बाई," म्हणाले आणि टेपचं दुसरं टोक धरलं.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. ओळीनं अकरा टीव्ही, अकरांवर एकच पोपट. मग मध ओततात, मग समुद्र, मग फळाच्या फोडी. पोपटाचं पीस न् पीस वेगळं दिसतं. मला पोपट बघायचा नाहीये! म्हटलं, एखादी मॅच लावा. दुकानदार म्हणाला, "ताई, मॅच काय, कशावरही सारखीच दिसते." असं म्हणणाऱ्याकडून मी वीतभर कापडसुद्धा घेणार नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज पेन ड्राइव्ह घेऊनच गेले.

त्यात काय आहे ते ह्यांनाही माहीत नाही. मागच्या थंडीतल्या एका मॅचचा तुकडा. गिरणीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसते ती मैत्रीण, तिला मोबाइलवर सापडला होता. अकरा सेकंद. खेळाडू सर्व्हिस करतो आणि मागे कोपऱ्यात, खुर्चीवर, गुडघ्यांवर हात ठेवून, पाठ ताठ—ती. चेहऱ्याच्या जागी नुसता डाग. पण बसणं तिचंच आहे.

मोठ्या दुकानात केस वर बांधलेली एक पोरगी होती, विक्रीला. मी तिला पोनीवाली म्हणते. तिला म्हटलं, हे सगळ्यांवर लावून दाखव. तिनं लावलं. मी समोरून बघितलं, मग तिरकं उभं राहून, मग भिंतीला चिकटून कडेनं—कापड असंच बघतात, उजेड आडवा पडला की खोट वर येते. दोन विक्रेते कोपरानं एकमेकांना ढोसत होते. ढोसा! सहा टीव्ही झाले. सहांवरही डागच. पासष्ट इंचीवर तर डाग वाढून पोळीएवढा झाला.

नापास. सगळे नापास.

सोमवार, १० नोव्हेंबर

कापडाचे चार ताके पुन्हा तपासावे लागले. लक्ष कुठे आहे माझं? अकरा दिवस.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

गिरणी सुटल्यावर पुन्हा तिकडे. पोनीवाली दारातच हसली. आणखी दोन टीव्ही बघितले. शेवटी तिनं रिमोट खाली ठेवला आणि स्टूल पुढे सरकवलं.

"काकू, रागावू नका. टीव्हीत खोट नाहीये. तुमच्या पेन ड्राइव्हमधलं चित्रच मुळात बारीक आहे. त्यात तेवढे ठिपकेच नाहीत, तर टीव्ही कुठून आणणार? जितका मोठा आणि चांगला पडदा घ्याल, तितकं ते वाईट दिसणार."

वीस वर्षं तपासनीस! ज्याच्यावरून पारखायचं तो नमुनाच खराब, हे मला कळू नये? गिरणीत कुणी असं केलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती.

"यात कोण आहे, काकू?" तिनं विचारलं.

"कोणी नाही," मी म्हटलं. मग म्हटलं, "मुलगी." दोन वर्षांत परक्या माणसापुढे पहिल्यांदाच तो शब्द तोंडातून निघाला. रडूच आलं, त्या पोपटाच्या समोर! तिनं कागदी रुमाल दिला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला "थांबा जरा" म्हणून दटावलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

पोनीवालीनं आज दुकानातल्या नेटवरून बॅडमिंटनची चांगली, स्वच्छ मॅच लावून ठेवली होती. काय फरक! मागच्या कोपऱ्यातल्या लाइन जजच्या शर्टाची बटणं मोजली मी. पाच.

पण एक भानगड. शटल उडालं की मध्येच नाहीसं व्हायचं, मग एकदम खाली. मी म्हटलं, हे काय? पोनीवालीनं डोकं खाजवलं, मेनूत शिरली आणि काहीतरी बंद केलं. चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून टीव्ही स्वतःच्या मनानं मधली चित्रं बनवून घुसडतो म्हणे. आगाऊपणा! जे आहे ते दाखव ना बाबा. बंद केल्यावर शटल दिसायला लागलं. दुकानातला झगमगाटही कमी करून घेतला, कारण घरी कुठे एवढे दिवे असतात? काळा रंग काळा दिसतो, कातडीचा रंग कातडीसारखा. बाजूनं बघितलं तरी फिका पडत नाही.

पास! पंचावन्न इंची. रविवारी येणार.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

एकवीसची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं, म्हटलं घरगुती. संध्याकाळी हे म्हणतात, "पुढच्या शुक्रवारी मी लवकर येईन." हे शाळेच्या प्रयोगशाळेत आहेत, तिथून लवकर निघणं म्हणजे नवलच. "का?" मी विचारलं. "असंच." मीही "असंच" रजा घेतलीय हे सांगितलं नाही. दोन म्हातारी माणसं, चोरासारखी!

रविवार, १६ नोव्हेंबर

टीव्ही आला. दोन माणसांनी भिंतीवर बसवला, हे खालून "डावीकडे, किंचित डावीकडे" करत होते. लावला. काय चित्र! हे म्हणाले, "अगं, या बातम्यांवाल्या बाईला तीळ आहे!"

मी ह्यांना पडद्यावर नुसता पांढरा रंग आणायला सांगितलं. हात फिरवून बघितलं, कचरा नव्हता. खाली उजवीकडे एक काळा ठिपका. मेलेला, कधीच न उजळणारा.

हे चष्मा पुसून पुसून बघत होते, त्यांना दिसेना. मी बोट ठेवून दाखवला. "हा?" म्हणाले. "हा तर मुंगीच्या डोळ्याएवढा आहे!"

असू दे. आहे ना?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दुकानात तीनदा फोन. बदलून देतील, पण दुसरा सोमवारी येणार. चोवीसला! आणि हा उद्याच घेऊन जातील. म्हणजे शुक्रवारी भिंत कोरी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पोनीवाली फोनवर हळूच म्हणाली, "काकू, मॅच बघताना तो दिसणारसुद्धा नाही." मला दिसणार. तोच तर माझा रोग आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

टीव्ही न्यायला येणार म्हणून आजही रजा, दिवसभर घरात येरझाऱ्या. भाजी लागली. ह्यांच्यावर विनाकारण ओरडले, मग उगीच चहा करून दिला.

एक आठवलं. भिंगरी चौदा वर्षांची असताना तिनं पहिला कप जिंकून आणला. मी हातात घेतला, फिरवला आणि म्हणाले, "खाली नाव कोरलंय ते तिरकं आहे." बस्. एवढंच म्हणाले. ती कप आत ठेवून आली होती.

लाइन जजवरून भांडण झालं असं मी इतके दिवस धरून चाललेय. त्या एका दिवसावरून कोण घर सोडतं? ताके रचत गेले मी, वर्षानुवर्षं, प्रत्येकावर नापासाचा शिक्का.

दुकानात फोन केला. म्हटलं, राहू दे. टीव्ही नेऊ नका. खोट आहे ती आहे. पोनीवालीला खरंच वाटेना. तिनं दोनदा विचारलं.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बरं वाटतंय ना तुला? कपाळ बघू."

गुरुवार, २० नोव्हेंबर

उद्या. पडदा पाच वेळा पुसला. आता पुसला तर झिजेल.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

दोन वाजता मॅच सुरू. सोफा सोडून पडद्यापासून हातभर अंतरावर खाली बसले. बोलणाऱ्यांची टकळी थांबेना, लक्ष लागेना, म्हणून आवाजच बंद केला. मागचा डावा कोपरा—ती नाही. उजवा—एक दाढीवाला. कॅमेरा फिरला की पुढचे कोपरे. नाही. सगळ्या लाइन जजचे चेहरे आरशासारखे लख्ख, आणि त्यांत माझी पोर नाही! आजारी पडली? काढून टाकलं? पहिला गेम संपत आला तरी मी कोपरेच चाळत होते.

हे धापा टाकत आले. चपलासुद्धा काढल्या नाहीत. "अगं, आवाज बंद करून काय बघतेस? तिचं कामच बोलायचं आहे!"

रिमोट घेतला. आवाज आला. "एकोणीस–सोळा." मोठा, स्वच्छ, ठाम. भिंगरी!

"मुख्य पंच झाली ती," हे म्हणाले. "सहा महिने झाले. मला वाटलं, तुला माहीत आहे. तू विचारलंच नाहीस कधी."

बाजूला, जाळीजवळ, उंच खुर्चीत. तिकडे मी पाहिलंच नव्हतं. चष्मा लागलाय. गाल भरलेत जरा. एक ताडमाड खेळाडू हातवारे करत तिच्याशी हुज्जत घालायला आला. तिनं ऐकून घेतलं, एक वाक्य बोलली, तो मान खाली घालून गेला. सगळं स्टेडियम गप्प, तिनं गुण सांगायची वाट बघत.

दुसरा गेम मी डोळे मिटून ऐकला.