पुरवणीचं शेवटचं पान

शनिवार, संध्याकाळ

आज शाळेत पालकांना सहामाहीचे पेपर दाखवले. हे होते तेव्हा हेच जायचे, उभ्या उभ्या सही करून यायचे. सगळेच तसं करतात. मी मात्र बाकावर बसून सानिकाचा इतिहासाचा पेपर वाचायला घेतला. मी वाचायला शिकले तीच मुळी तिच्या पुस्तकांवरून, त्यामुळे वेळ लागतो.

"आई, सही कर ना. मागे लाइन लागलीय."

"लागू दे. बघायलाच दिलाय ना?"

दोऱ्याने बांधलेल्या पुरवणीचं शेवटचं पान उलटलं, तर त्यावर लाल शाईचा ठिपकाही नाही! अख्खं उत्तर तपासायचं राहिलेलं. बोलावं का? बाईंनी पोरीवर राग धरला तर? तरी ते पान पुढे केलंच.

"अगोबाई, राहिलंच की!" म्हणत बाईंनी तिथेच वाचून चार गुण दिले. मग काय, लाइनीतल्या सगळ्या बायका आपापल्या मुलांच्या पुरवण्या उलटायला लागल्या.

वाटेत सानिका म्हणाली, "आई, तू तर आज बाईंचाच पेपर तपासलास!"

हे असते तर जेवताना मला तीनदा हा किस्सा सांगायला लावला असता. आज मीच आठवून आठवून हसतेय.