अस्टाला क्लास नको

१२ ऑगस्ट
ओनो चहाला आला. आमच्या शिकार मंडळाचा मुख्य. खडीसाखर, साय, तीन कप झाले, मग बोलला, "हाबो, यंदा परीक्षा पास नसलेलं कुत्रं बदकांच्या शिकारीला नाही. अस्टाला क्लासला घाल."
अठ्ठावीस वर्षं कुत्रं घेऊन पुढे मी चालतो. आता क्लास? ताठ केसांची, दाढीवाली जात ही. रानात पक्षी दाखवते, पाण्यातून आणते, जखमी जनावराचा माग काढते. माशाच्या पिल्लाला कुणी पोहायला शिकवतं का?

२० ऑगस्ट, सकाळी
तरी रोज अर्धा तास सराव. ठरलं.

२१ ऑगस्ट
वारा फार. उद्या.

४ सप्टेंबर
सराव घेतला. मेलेला ससा बांधापलीकडे टाकला. "आण!" अस्टा सुसाट गेली, रिकामी आली. नाकाला माती. ससा सापडेना. कोल्ह्यानं नेला असणार.
बायको, गेशे, म्हणाली, "म्हाताऱ्या, भर दुपारी कोल्हा?"
हिला शिकारीतलं काय कळतंय.

१९ सप्टेंबर
क्लासवाली कुत्री रोज उजळणी करतात म्हणे. घोकंपट्टी नुसती.

३ ऑक्टोबर. परीक्षा.
पक्षी दाखवणं, पाणी, दोन्हींत पैकीच्या पैकी. मग परीक्षकानं मेलेला ससा तीनशे पावलं फरफटत नेला, ठेवला आणि तिथंच झाडामागे लपला. अस्टा मागावर सरळ गेली. माझी छाती फुगली.
आली रिकामी. मागून परीक्षक, हातात मातीनं भरलेला ससा. "पुरला हिनं. नाकानं माती लोटून, अगदी नीट."
पुरणारं कुत्रं कायमचं बाद. 'कबर खोदणारी' म्हणून शिक्का बसतो. सगळे हसले. मी सुनावलं, "तिनं मेलेल्याचा मान राखला. तुमची कुत्री त्याला तोंडात धरून मिरवतात!"

१५ नोव्हेंबर
अस्टा घरी. मी बदकांच्या शिकारीला गेलो, का नाही जायचं? आज कुत्रं एकच, ओनोचं. दुपारी त्याचा पंजा काचेनं फाटला. कुत्र्याशिवाय शिकार नाही, असा कायदा. बंदुका उतरल्या. पण दोन बदकं पाण्यात पडलेली, ती कोण आणणार?
मी शिरलो कालव्यात. छातीभर पाणी, बर्फासारखं. एक आणलं. ओनो म्हणाला, "शाबास!" आणि सवयीनं खिशातला सॉसेजचा तुकडा माझ्यापुढे धरला.
खाल्ला. बरा होता.
दुसरं पलीकडच्या काठाला तरंगत होतं. ओनोनं बोट दाखवायच्या आत मी पाण्यात होतो.