दौरा रद्द झाला, काका

फेब्रुवारी २०२१, शनिवार संध्याकाळ

शेजारच्या गांगुर्डे काकांचा टीव्ही लॉकडाऊनमध्ये बिघडला, आणि कोरोनाच्या भीतीने त्यांनी पेपरही बंद केलाय. त्याआधी घरी टीव्ही असूनही प्रत्येक मॅच ते आमच्याकडेच बघायचे, स्वतःची खुर्ची घेऊन यायचे. गेल्या मार्चमध्ये पाहुण्या संघाचा दौरा अर्ध्यावर रद्द झाला, ते त्यांना मीच सांगितलं होतं. तेव्हा ते खरं होतं.

परवा त्यांनी विचारलं, "इंग्लंडवाले येणार होते ना रे?" मी म्हणालो, "तोही दौरा रद्द झाला, काका." किती सहज बोलून गेलो. घरात आई आहे, तिला दमा आहे, एवढं सांगितलं असतं तर त्यांना कळलं नसतं का? पण तोंडावर 'मॅचला येऊ नका' म्हणवेना. म्हणून आवाज बारीक करून मॅच बघत बसलो, चोरासारखा.

आज विकेट पडली आणि मी ओरडलो. पलीकडच्या गॅलरीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी आत येत नाय," काका तिथूनच म्हणाले. "वहिनींना दमा हाय, ठाऊक हाय मला. आवाज तेवढा वाढव."

वाढवला. खेळ संपेपर्यंत गॅलरीत मात्र गेलो नाही.