माऊली पाळण्यात बसली त्याची हकीकत

रोक्कामेले, रविवार, मिस्सा आटोपून

तीर्थरूप चेत्तेओदादांच्या सेवेशी, धाकट्या पान्फिलोचा वाकून नमस्कार.

आम्ही दोघं देवाच्या कृपेने ठणठणीत आहोत, तिकडेही सगळ्यांचं बरं असावं. वहिनींचा खोकला गेला का? तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (हे रीत म्हणून विचारत नाही. गुडघ्याचं खरं खरं कळवा.) माझं विचाराल तर तब्येत इतकी चांगली आहे की चारचौघांत तोंड दाखवायची लाज वाटते. दरवर्षी जानेवारी संपत आला की माझे ओठ फुटलेले असतात, कान सोललेले असतात आणि पाठ लाकडासारखी झालेली असते. यंदा गाल गुलाबी आहेत. देवळाच्या पायरीवर बायका विचारतात, "काय पान्फिलो, समुद्रावर हवापालट करून आलास वाटतं?" आपल्या डॉक्टरांनी एरवी आतापर्यंत पाच-सहा पाय प्लास्टरात घातले असते. यंदा ते घरी बसून बायकोच्या स्वयंपाकात दोष काढतात, असं त्यांची बायकोच सांगते. मधमाश्या बाहेर पडल्या आहेत. काल एक माझ्या टोपीवर बसली, आणि दोघंही एकमेकांकडे पाहून ओशाळलो.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही आधी हसता आणि मग ऐकता. पत्रात मला निदान शेवटपर्यंत बोलता येतं. मंगळवारी मासळीची गाडी येते, तिच्या ड्रायव्हरच्या हातात हे पत्र देईन. तो परतीला तुमच्याच कारखान्यावर बर्फ भरायला येतो, तेव्हा दुपारी तुम्हाला मिळेलच.

नाताळच्या आदल्या दिवशी तुमच्याकडे जेवताना, वहिनी वाम वाढत होत्या तेव्हा मी जो शब्द दिला, तो मी विसरलेलो नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला येणाऱ्या मेणबत्त्यांच्या सणापर्यंत डोंगरावर नेणारा तारेवरचा खुर्च्यांचा पाळणा सुरू झाला नाही, तर आम्ही दोघं गाव सोडून तुमच्याकडे येऊ आणि मी तुमच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला लागेन. तुम्ही तेव्हाच मागची खोली रिकामी करायला सांगितलीत. माझ्या लोरेताने तर इकडे येताच भांडी खोक्यांत भरली. तेव्हापासून आमच्या घरी सूप, बटाटे, अंडी आणि कॉफी एकाच तव्यात होतं, आणि सगळ्याला एकच चव येते. तुम्ही वीस वर्षांपूर्वी गाव सोडताना म्हणाला होता, "आभाळाच्या भरवशावर राहणाऱ्याचं काही खरं नाही. मी माझा बर्फ स्वतः करीन." तेव्हा मला ते उद्धटपणाचं वाटलं होतं. आता दर दोन दिवसांनी आठवतं.

तर इकडची परिस्थिती. गेल्या वर्षी बर्फ पडला नाही, हे तुम्हाला माहीत आहे. यंदाही उतारावर गवत आहे, आणि गवत उत्तम आहे. बेरार्दोने मेंढ्या तिथे सोडल्या आहेत. स्की टपावर बांधून आलेलं एक शहरी जोडपं मोटारीतून उतरलं, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि मला विचारलं, "घसरायचं कुठे?" मी काय सांगणार? त्यांनी एका मेंढीबरोबर फोटो काढला आणि गेले. कृत्रिम बर्फ उडवायचं यंत्र आपल्याकडे आहे, पण त्याला आधी थंडी लागते. (ज्याच्याकडे थंडी आहे त्याला यंत्र कशाला, हे मी सहकारी मंडळाच्या सभेत विचारलं होतं. तेव्हा मला खाली बसवलं.) आठ अंशाच्या हवेत ते नुसता पाऊस पाडतं. तीन राजांच्या सणानंतरच्या रविवारी अख्खा गाव द्राक्षांच्या टोपल्या घेऊन उत्तरेकडच्या घळीत गेला. तिथे सावलीत थोडा जुना बर्फ दडून बसलेला असतो. तीस टोपल्या भरल्या, उतारावर पोहोचेपर्यंत आठ उरल्या. त्या पसरल्या, टाळ्या वाजवल्या आणि आत जेवायला गेलो. बाहेर आलो तर तो बर्फ मेंढ्यांनी चाटून संपवला होता.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण परवान्यात एक कलम आहे. लागोपाठ दोन हिवाळे पाळणा चालला नाही आणि त्यावरून वर गेलेला एकही माणूस स्कीवरून खाली आला नाही, तर परवाना रद्द. मग खांब कापून लोखंड भंगारात जाणार. झेलिंदामावशी (त्या आता मंडळाच्या अध्यक्ष आहेत, कॉफीचं दुकान सांभाळून) म्हणाल्या, "पाळणा गेला की मी दुकान बंद करणार. मग तुम्ही सगळे एकमेकांच्या घरी जाऊन भांडा." पाळण्याशिवाय या गावात मला दुसरं काही येत नाही. सव्वीस वर्षं मी माणसांना खुर्चीत बसवतोय आणि वर पाठवतोय. ती खाली कशी येतात याच्याशी माझा संबंध नव्हता.

तेव्हा मावशींनीच जुनी गोष्ट काढली. आपल्या आजोबांच्या काळी पाऊस लांबला की गावकरी माऊलीची मूर्ती देवळातून काढून करपलेल्या शेतात नेऊन उभी करत. म्हणत, आम्ही सांगून थकलो, आता तूच बघ. पाऊस पडेपर्यंत ती तिथेच. आपली माऊली तर बर्फाचीच माऊली. तिला डोंगरावर नेऊन उघडा उतार का दाखवू नये? पण आमच्यातला निम्मा गाव पन्नाशीच्या आत येत नाही आणि पायवाट दगडांची. म्हणून मावशी म्हणाल्या, पाळण्यातून नेऊ.

फादर एवासियो तांबडेलाल झाले. "माऊली म्हणजे काय बटाट्याचं पोतं आहे?"

"बटाट्याचं पोतं दरवर्षी वर जातं, फादर," मावशी म्हणाल्या. "तिला अजून कुणी विचारलेलंसुद्धा नाही."

फादरांनी फक्त अट घातली की तिच्यासोबत एक सज्जन माणूस बसावा. गावाने बराच विचार केला आणि शेवटी मला बसवलं.

काल शनिवारी सकाळी मिरवणूक निघाली. पुढे फादर, मग मेणबत्त्या, मग वाजंत्री (एक कर्णा आणि एक ढोल, बाकीचे तुमच्यासारखे समुद्राकाठी गेले). माऊलीला खुर्चीत उभी ठेवून पट्ट्याने बांधलं. मी शेजारी बसलो आणि ती कलू नये म्हणून खांद्यावरून हात टाकला. एवढ्यात लोरेता सगळ्यांसमोर ओरडली, "सव्वीस वर्षं पाळणा चालवताय, मला कधी असा हात टाकून बसवलं नाहीत!" गाव हसला. मला वाटतं, माऊलीही जरा हलली. खटक्यापाशी झेलिंदामावशींना बसवलं होतं. त्यांनी खटका ओढला आणि आम्ही निघालो.

आता तुम्हाला आठवत असेल की मावशींचं कॉफीचं यंत्र आणि पाळण्याची मोटार एकाच तारेवर आहेत. पाळणा चालू असताना कॉफी गॅसवर करायची, हे आपल्याकडे पोरांना प्रार्थनेबरोबरच शिकवतात. पण दोन हिवाळे पाळणा बंद, त्यामुळे सवय गेली. आम्ही पाचव्या खांबापर्यंत आलो असू, तेवढ्यात खाली एक करडी मोटार येऊन थांबली आणि परवान्याचे तपासनीस मार्केजानी साहेब उतरले. न सांगता आले होते. मावशींना आनंद झाला, भीती वाटली आणि या दोन्हींत त्यांनी, पाहुणा आला की नेहमी करतात तेच केलं. कॉफीचं यंत्र सुरू केलं.

पाळणा थांबला. गेलेली वीज पुन्हा चालू कशी करायची, हे गावात एकाच माणसाला ठाऊक, आणि तो माऊलीच्या खांद्यावर हात टाकून मेंढ्यांच्या वर लोंबत होता.

मी ओरडलो, "लाल खटका! डावीकडचा लाल!" फादर आत धावले. तिथे लाल खटके दोन आहेत, हे मला आयुष्यात कधी खटकलं नव्हतं. फादरांनी स्वतःच्या डावीकडचा ओढला, म्हणजे माझ्या उजवीकडचा, म्हणजे बर्फ उडवायच्या यंत्राचा. ते दुसऱ्या तारेवर आहे. ते गुरगुरलं आणि त्याने मिरवणुकीवर, मेणबत्त्यांवर, कर्ण्यात आणि साहेबांच्या चष्म्यावर पाऊस पाडला. बेरार्दोने शांतपणे छत्री उघडली आणि वर पाहून म्हणाला, "पान्फिलो, तिला सांग, पावली हे खरं, पण आम्ही बर्फ मागितला होता!"

दादा, आम्ही दोघं तिथे चाळीस मिनिटं होतो. पहिली दहा मिनिटं मी खाली सूचना दिल्या. मग आवाज बसला आणि मी तिच्याकडे पाहू लागलो. देवळात ती उंचावर असते, म्हणून तिची नजर खाली लावलेली आहे. तिथे मला नेहमी वाटायचं, ती आपल्या चुका बघते. काल कळलं की ती उतार बघत असावी. नाकावरचा रंग उडाला आहे, आपल्या आईच्या हातावर जसे डाग पडले होते तसा. मी काही मागितलं नाही. सव्वीस वर्षं लोकांना वर पाठवून मला एवढं समजलंय की वर पोहोचलेल्याला घाई केलेली आवडत नाही. मी फक्त दाखवलं. ती बघ आमच्या वडिलांनी लावलेली अक्रोडाची दोन झाडं. ते धुराडं झेलिंदामावशीचं. ती बिनधुराची धुराडी, ज्यांची माणसं गेली. आणि ते आमचं, त्यातून धूर येतोय, अजून. मग बराच वेळ वारा तेवढा होता आणि तिचा झगा फडफडत होता. खरं सांगतो, बरं वाटलं.

शेवटी लोरेताने फादरांना बाजूला केलं आणि दुसरा लाल खटका ओढला. (बायको सव्वीस वर्षं डबा घेऊन येते, तिचं लक्ष असतं.) आम्ही वर पोहोचलो. माऊलीला वरच्या झोपडीत, उताराकडच्या खिडकीशी उभी केली. बर्फ पडेपर्यंत ती तिथेच.

खाली आलो तर साहेब टॉवेलने डोकं पुसत वही उघडून बसले होते. म्हणाले, "पाळणा चालला, हे मी लिहिलं. प्रवासी वर गेला, तेही लिहिलं. आता स्कीवरून खाली कोण आलं?"

फादर म्हणाले, "माऊली अजून वरच आहे." साहेबांनी ते लिहिलं नाही.

मावशी बेरकी. त्यांनी विचारलं, "साहेब, बर्फावरून घसरत आला पाहिजे, हे कळलं. किती लांब बर्फावरून?"

साहेबांनी कलम वाचलं. पुन्हा वाचलं. "लांबी लिहिलेली नाही," ते म्हणाले. मग टोपी घातली. "मी गुरुवारी अकराला येतो. अर्धा तास थांबेन. आणि कॉफी कृपा करून गॅसवर करा."

तर असं आहे. या चाळीस मिनिटांनी मला एक शिकवलं. माणसाने धावाधाव करावी, टोपल्या वाहाव्यात, पण शेवटी सगळं तिच्या हाती सोपवून शांत बसावं. मी तसाच बसलो आहे. माझं आता कुणाकडे काही मागणं नाही, तुमच्याकडे तर नाहीच. गुरुवारी जे व्हायचं ते होईल. नाही झालं तर शब्दाप्रमाणे खोकी घेऊन येऊ. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक धाकटा भाऊ,
पान्फिलो

ता. क. बुधवारी संध्याकाळपर्यंत चुरा बर्फाचे दोन ट्रक पाठवावेत. उताराच्या शेवटच्या वळणापासून मावशींच्या दारापर्यंत पुरेल. बर्फ बांगड्याशेजारी ठेवलेला नसावा. साहेबांना नाक आहे.

आणखी ता. क. घसरणारं माणूस हवं, हे वर लिहायचं राहिलं. तरणी पोरं सगळी खाली समुद्राकाठी गेली. झेलिंदामावशींचं कंबरेचं हाड नवं बसवलेलं आहे. फादर तयार आहेत, पण त्यांचा झगा स्कीत अडकतो, आम्ही गवतावर करून पाहिलं. मी सव्वीस वर्षांत एकदाही स्कीवर उभा राहिलो नाही, हे फक्त तुम्हाला आणि लोरेताला माहीत आहे. आणि या उतारावरून आपल्या गावात कुणी तुमच्यासारखं खाली आलेलं नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या स्की माळ्यावर आहेत. मी त्या दरवर्षी मेण लावून ठेवतो, का ते विचारू नका. ट्रक दुसऱ्या कुणाला चालवायला देऊ नका. म्हणून गुडघ्याचं विचारलं.

शेवटचा ता. क., सोमवार सकाळ. कालच्याप्रमाणे आजही वर मेणबत्ती लावायला गेलो होतो. झोपडीच्या खिडकीची एक काच फुटकी आहे. माऊलीच्या दोन्ही खांद्यांवर पांढरं होतं. मला आधी वाटलं, छताचा चुना पडला. हात लावला तर गार. बाहेर आलो, चार बोटं बर्फ, मधल्या खांबापर्यंत. खाली मात्र चिखलच आहे, आणि मेंढ्या वर निघाल्या आहेत. बेरार्दोला त्या आवरायला सांगितलंय. तेव्हा दोन ट्रक नकोत, एकच आणा. वरून तिने सुरुवात केली आहे, खालून आपण करू. ट्रकचं कमी केलं, तुमचं कमी केलेलं नाही. लोरेताने खोकं फोडून मोठं पातेलं बाहेर काढलंय आणि घेवडा भिजत घातलाय. मी म्हटलं, अगं, दादांचा होकार तर येऊ दे. म्हणाली, "घेवड्याला भिजायला वेळ लागतो. दादांना नाही."