तत्त्वज्ञान माझं, मुलं पलीकडे

१ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून शिक्षक. विमा कंपनीतली नऊ वर्षं फुकट गेली असं बायको म्हणते. मी त्याला पूर्वतयारी म्हणतो.

मुख्याध्यापिकाबाईंनी स्पष्ट सांगितलंय: शिशुवर्गाला यंदा दोन नवे शिक्षक, पण ३० सप्टेंबरला कायम एकालाच करणार. तोवर दोघांनीही 'माझं शिक्षणविषयक तत्त्वज्ञान' एका पानात लिहून द्यायचं. माझं आत्ताच अकरा पानांचं झालंय. दुसऱ्या नव्या बाई शेजारच्या वर्गात आहेत. त्यांचं मला वाईट वाटतं.

१ ऑगस्ट. दुपारी ४
चोवीस मुलं. सर्व रडली. रडू दिलं.
तत्त्वज्ञानाचा गाभा: मूल स्वतः शिकतं, मोठ्यांनी मधे पडू नये. एकाच्या बुटाची नाडी सुटली होती. चाळीस मिनिटं माझ्याकडे बघत उभा होता. प्रगती दिसत होती. तेवढ्यात दोन वर्गांमधल्या दारातून शेजारच्या बाई आल्या आणि खाली बसून नाडी बांधून गेल्या. चाळीस मिनिटांची मेहनत पाण्यात.

४ ऑगस्ट, गुरुवार
बाईंचं तत्त्वज्ञान अर्ध्या पानाचं आहे म्हणे. त्यातही मोठं अक्षर.
माझं सतरा पानांवर गेलं. पान तीन: मूल म्हणजे कोरी पाटी नव्हे, मातीचा गोळाही नव्हे. मग काय, ते पान अठरावर येईल.

९ ऑगस्ट, मंगळवार
पलीकडून सारखा हसण्याचा आवाज येतो. आज मोजलं. अकरा ते बारा या वेळात एकोणीस वेळा. माझ्या वर्गात दोनदा, त्यातलं एक मी खुर्चीवरून घसरलो तेव्हाचं. हसणं म्हणजे शिक्षण नव्हे, हे पान सातमध्ये घातलं.
मी जळत नाही. फक्त नोंद ठेवतोय.

१७ ऑगस्ट, बुधवार
एका मुलाची आई गेटवर भेटली. शेजारच्या बाईंचं कौतुक पंधरा मिनिटं. किती छान गोष्ट सांगतात म्हणे. तिचा मुलगा माझ्या वर्गात आहे! त्याला पलीकडची गोष्ट कशी कळते? भिंत पातळ असावी. ऑफिसात तक्रार अर्ज दिला.

२२ ऑगस्ट, सोमवार
नवी अडचण. दोन्ही वर्गांचं मिळून एकच टॉयलेट, तेही बाईंच्या बाजूला. म्हणजे मुलांना त्यांच्या वर्गातून जावं लागतं. आज नऊ मुलांना शू लागली. परत आली तीन.
बाकीची डब्याच्या सुट्टीत सापडली.

२९ ऑगस्ट, सोमवार
एकवीस मुलांना शू लागली. एका तासात! हा काही साधा प्रकार नाही. बायको म्हणाली, अहो, ती पलीकडेच बसत असतील. बालमानसशास्त्राचा अभ्यास नसला की माणूस असं काहीतरी सुचवतो.
जबाबदार शिक्षक म्हणून एकवीस पालकांना चिठ्ठ्या लिहिल्या: आपल्या पाल्यास वारंवार लघवीस होत आहे, त्वरित तपासणी करून घ्यावी.

२ सप्टेंबर, शुक्रवार
एकवीस रिपोर्ट आले. सगळे नॉर्मल. पालक नॉर्मल नाहीत. एक वडील ऑफिसात टेबलावर हात आपटत होते. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून विचारलं की मुलं परत येत नाहीत हे माझ्या लक्षात कधी आलं. मी म्हणालो, मुलाला जिथं शिकावंसं वाटेल तिथं त्यानं जावं, पान नऊ. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. विचार पटला असावा.

६ सप्टेंबर, मंगळवार. रजेच्या दिवशी, घरी
स्वतःशी खरं बोलायला हरकत नाही. मला त्या बाईंचा राग येतो. मुलं त्यांच्या ओढणीला हात पुसतात, त्यांना चालतं. मुलं त्यांना लग्न करशील का विचारतात. मला अजून कोणी विचारलेलं नाही. त्यांनी पुस्तक काय वाचलंय? काही नाही! मी बत्तीस वाचलीत, त्यातली सहा पूर्ण.
उद्यापासून मधलं दार बंद.

७ सप्टेंबर
दाराला कडी घातली. चोवीस मुलं एकाच वेळी रडली. एकाला खरंच लागली होती. त्याची चड्डी बदलायला बाई बाहेरच्या दारानं आल्या. मी नको म्हणालो, मग कशी बदलायची ते न कळून हो म्हणालो.
कडी काढली.

१२ सप्टेंबर, सोमवार
मोठी बातमी! सगळी पलीकडे गेली, पण एक मुलगी आपणहून माझ्याजवळ राहिली. पूर्ण दिवस. मी पान बारा वाचून दाखवलं. शांतपणे ऐकलं. मधेच माझा हात थोपटला.

१९ सप्टेंबर, सोमवार
रोज एक मूल थांबतंय आणि रोज वेगळं! म्हणजे प्रभाव एकावर नाही, सगळ्या वर्गावर आहे. शेजारच्या बाईंकडे माझी तेवीस का असेनात, ती गर्दी आहे. माझ्याकडे येतो तो विद्यार्थी. पानं चौतीस. बायकोला सांगितलं की कायमची ऑर्डर आली की नवा पंखा घेऊ.

२७ सप्टेंबर, मंगळवार
शुक्रवारी मुख्याध्यापिकाबाई दोन्ही वर्ग बघणार. निकाल तिथंच. शेजारच्या बाई जिन्यात भेटल्या, तुमचंच होईल म्हणाल्या. मनापासून म्हणाल्यासारखं वाटलं. हीच यांची लबाडी.

३० सप्टेंबर, शुक्रवार
मुख्याध्यापिकाबाई दहाला आल्या. माझ्याजवळ एक मुलगी चटईवर बसली होती. मी अभिमानानं म्हणालो, विचारा हिला, सगळे तिकडे असताना ही इथं का.
विचारलं. मुलगी म्हणाली, आज माझी पाळी.
कसली पाळी? तिनं आम्हा दोघांना बोट धरून पलीकडे नेलं. भिंतीवर कामांचा तक्ता. मुलांना वाचता येत नाही म्हणून चित्रं: झाडांना पाणी घालायला झारी, चटया उचलायला चटई, डबे लावायला डबा. प्रत्येक चित्राला कपड्यांचा एक चिमटा, चिमट्यावर मुलाचा फोटो. शेवटचं चित्र चष्मा आणि मिशांचं. त्याला त्या मुलीचा चिमटा.
बाईंचा चेहरा लाल झाला. म्हणाल्या, हे काम मी घातलं नाही. सर एकटे बसतात, त्यांना वाईट वाटत असेल, असं मुलांनीच ठरवलं. मी मधे पडले नाही.
मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, मधे पडू नये, हे कुठंतरी वाचलंय. माझ्याच हातातल्या चौतीस पानांकडे बघून म्हणाल्या.
बाई कायम. मला अनुभवाचं प्रमाणपत्र मिळेल, दोन महिन्यांचं.

सुट्टीला पाऊण तास उरला होता. मी मुलीला सांगितलं, तू जा तिकडे, आज झालं. ती नाही म्हणाली, चिमटा अजून काढलेला नाही. मग बसलो दोघं. तिची नाडी सुटली होती. मी बांधली. चुकीची बांधली, तिनं सोडवून नीट दाखवली.
बेल झाल्यावर उठली, आणि सोमवारी कोणाची पाळी तेही सांगून गेली. तो मुलगा आधी नको म्हणत होता, पण सगळ्यांनी त्याला समजावलंय.
सोमवारी मी नसणार, हे काही मला तिला सांगता आलं नाही.