चौकीवरचा डबा

मंगळवार, फेब्रुवारी १९७४

शेजारच्या सुखदेवला पंपाच्या चोरीच्या संशयावरून चौकीत ठेवलंय. वस्तीनं ठरवलं, रोज एकानं डबा न्यायचा आणि तो जेवेपर्यंत समोर बसायचं. बघणारं कुणी असलं की पोलीस हात उचलायला कचरतात.

आज माझी पाळी. जमादार म्हणाले, "गुरुजी, डबा ठेवा अन् जा, मी देतो." म्हटलं, "बसतो की. शाळा सुटली, घाई न्हाई."

सुखदेवनं डाव्या हातानं भाकरी मोडली. काल वस्तीतल्या शांताबाई डबा घेऊन आल्या होत्या, तेव्हा तो उजव्या हातानं जेवला, असं त्यांनीच सांगितलं होतं. तिथल्या तिथं विचारायला हवं होतं. भ्यालो का? असेन. पण तो डावा हात अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

निघताना मात्र जमादारांना विचारलं, "याच्या हाताला काय झालं?"

"पडला."

"बरं. मंग उद्या जाफराबादच्या डॉक्टरांना घेऊन येतो."

गजाआडून सुखदेव हळूच म्हणाला, "गुरुजी, उद्या दोन डबे आणा. आत अजून एक जण हाय. त्याच्याकडं कुणीच येत न्हाई."